मागची चाकं

दिवाळी सरली की आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. कापसाने भरलेल्या ट्रॉल्या जिनिंग मिलकडे निघतात, वरचं जाळं कुठेतरी सुटलेलं असतं, आणि रस्त्यावर वाकलेली प्रत्येक फांदी आपला वाटा काढून घेते. काट्याकाट्यावर पांढरे पुंजके. लहानपणी आम्ही ते ओरबाडून खिशात भरायचो. आता कोणी भरत नाही. पुढच्या पावसापर्यंत ते तसेच मळत राहतात.

मूर्तिजापूरच्या अलीकडे हमरस्ता सोडला की पुंडलिकच्या गावाकडे तीन किलोमीटरचा डांबरी फाटा जातो. त्याच्या मधोमध एक वळण आहे आणि वळणावर एक बाभूळ. तिच्या खोडाला कमरेच्या उंचीवर ओंजळभर जागेत साल नाही. सहा वर्षं मी या रस्त्याने दर महिन्याला गेलो, आणि दर वेळी ते वळण आलं की चष्मा काढून पुसायला घेतला. चष्म्यावर धूळ असो वा नसो.

यंदा कापूस फुटला आणि मी ठरवलं की आता पुसणं पुरे.

माझं अकोल्याला टायरचं दुकान होतं. चाळीस वर्षं चाललं. घर मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, दुकान बायपासजवळ. दुकानाला वास होता, नव्या रबराचा, आणि तो माझ्या कपड्यांना, हातांना, जेवणाच्या डब्यालाही यायचा. बायको म्हणायची, "तुमी घरात आले की ट्रक आल्यासारखं वाटते." त्या वासाचा मला अभिमान होता. समोरून येणारी गाडी ब्रेक मारताना कोणत्या बाजूला ओढते हे मी गल्ल्यावरून उठल्याशिवाय सांगायचो. लोक लांबून यायचे आणि मी म्हणेन ते टायर टाकून जायचे. माणसाचं ऐकलं जातं तेव्हा तो जरा जास्तच बोलायला लागतो.

सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास एक तरुण आला होता. छोटी गाडी, पुढच्या चाकांवर चालणारी. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी गाडीचा फोटो दाखवून म्हणाला, मागं असे रुंद टायर पाहिजेत, पुढं साधे राहू द्या. मी त्याला दुकानातल्या सगळ्यांदेखत विचारलं, "बाबू, तुया गाडीचं इंजिन कोणतं चाक फिरवते?"

"पुढचं."

"मंग जोर पुढच्याले अन् जोडे मागच्याले? नांगर वढते बैल अन् पेंड खाते कुत्रं?"

सगळे हसले. तोही ओशाळून हसला आणि गेला. मागं रुंद टायर नकोत हे मी त्याला सांगितलं ते बरोबरच होतं. पण माझं कारण चुकीचं होतं, आणि त्या हशाने ते कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे तीन आठवड्यांनी तेच मी पुन्हा वापरलं.

पुंडलिक माझा लहानपणापासूनचा मित्र. एका गावचे, एका शाळेचे. मी शहरात आलो, तो काळ्या मातीत राहिला. त्याची मुलगी मनीषा गणितात हुशार निघाली. अमरावतीला एका क्लासमध्ये शिकवायला लागली, तिथेच संसार केला, आणि स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. त्या घराण्यात गाडी चालवणारी पहिली बाई. दर रविवारी ती बापाला भेटायला यायची. पुंडलिकचं घर शेतात, आणि डांबर संपल्यावर अर्धा किलोमीटर काळ्या मातीची वाट. पाऊस झाला की गाडी तिथे रुतायची.

पुंडलिकने मला फोन केला. "लेका, पोरीची गाडी चिखलात नुसते पुढचे चाकं फिरवते. जागची हालत नाई. एवढा मोठा टायरवाला तू, काहीतरी कर."

मनीषा दुकानात आली तो दिवस मला उन्हासकट आठवतो. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापलेलं, आणि ती डोक्यावर ओढणी घेऊन स्टुलावर बसलेली. गाडीला कंपनीचे चारही टायर एकशे पासष्ट रुंदीचे होते, बऱ्यापैकी झिजलेले. मी म्हटलं, पुढे एकशे पंच्याऐंशीचे टाकू, जरा रुंद रिमवर. रबर जास्त, पकड जास्त. मागचे जुनेच राहू दे, मागचं चाक काय, नुसतं पुढच्याच्या मागून येतं.

तिने गाडीचं पुस्तक सोबत आणलं होतं. उघडून म्हणाली, "काकाजी, यात चारही चाकांचं माप एकच दिलं आहे. वेगवेगळं चालेल का?"

"बाई, पुस्तक लिवनाऱ्यानं आपली काळी माती पाह्यली आहे काय?"

पुन्हा सगळे हसले. तिने पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

शेषराव हसला नव्हता. माझ्याकडे तीस वर्षं चाकं काढणारा-बसवणारा माणूस, माझ्याच वयाचा. तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत घालून पाहत होता. नख जेमतेम बुडत होतं. म्हणाला, "शेठ, मांगचे घासले आहेत. नवी जोडी मांगं टाकू, नाई त चारी बदलू. पुढचं धरन अन् मांगून सुटन थे."

"शेषराव, ट्रॅक्टरचं मोठं चाक कुठं असते?"

"मांगं."

"काहून?"

"जोर मांगं असते म्हनून."

"हिचा जोर कुठं?"

"पुढं."

"मंग?"

त्याने पान्हा उचलला. ट्रॅक्टरचं उदाहरण दिलं की आमच्याकडे वाद संपतो. आम्ही सगळे ट्रॅक्टरवर वाढलेली माणसं. ज्याच्यात जोर त्याला मोठं चाक, हे आम्ही शेतात डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे ते कधी तपासावंसं वाटलंच नाही. ट्रॅक्टर ढेकळात चालतो, संथ चालतो. डांबरावर पन्नाससाठच्या वेगाने वळणाऱ्या गाडीला तो नियम लागत नाही, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नाही. आणि खरं सांगायचं तर चिखलातही मी चुकलोच होतो. ओली काळी माती रुंद चाकालाही तशीच चिकटते. पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. पण दुकान सोडून जाताना मनीषा म्हणाली, "काकाजी, तुमच्या भरवशावर," आणि मला बरं वाटलं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आभाळ आलं. कापूस फुटलेला असताना येणारं आभाळ आमच्याकडे कोणाला आवडत नाही. सगळ्या गावाची मान वर असते. दुपारी पंधरा मिनिटं पाऊस झाला. जमीनही पुरती भिजली नाही, पण ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली माती डांबरावर होती, आणि त्या पावसात ती लोण्यासारखी झाली. मनीषा पुंडलिकला मूर्तिजापूरला एका लग्नघरी सोडायला निघाली होती. तो मागे बसला होता, डावीकडे. पुढे बसलं की पट्टा लावावा लागतो आणि पट्ट्याने धोतर चुरगळतं, असं त्याचं म्हणणं.

वळणावर पुढची चाकं वळली. नवी होती, रुंद होती, त्यांनी रस्ता धरला. मागची चाकं सरळच गेली. गाडी जागच्या जागी फिरली आणि मागच्या डाव्या दाराने बाभळीवर आदळली.

पुंडलिक वाचला. खुबा मोडला. अमरावतीला ऑपरेशन झालं, महिनाभर तो पडून होता, आणि नंतर कुबडीला टेकून चालायला लागला. शेतात मात्र तो पुन्हा उतरला नाही. काळ्या मातीत कुबडी रुतते.

मनीषाला खरचटलंही नव्हतं. तिचा तोच मोठा गुन्हा ठरला.

मी दवाखान्यात बाकावर बसून सगळं ऐकलं. "बाईच्या हाती गाडी देल्ली की असंच." "शिकली म्हनून काय झालं, हात कुठून आननार?" "चाळीसवर होती म्हनते. चाळीसवर गाडी फिरते काय कधी? खोटं बोलून राह्यली." ती भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदाच सांगितलं की मी हळू होते, ब्रेकही मारला नाही, गाडी मागूनच गेली. कोणी ऐकलं नाही. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तिथे गाड्यांतलं कळणारा मी एकटा होतो.

मी म्हटलं, "होते असं. रस्ता ओला होता."

तोवर मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. महिन्याभराने तीही सोय राहिली नाही. एका टायर कंपनीने अमरावतीला दुकानदारांसाठी शिबिर ठेवलं होतं. मैदानावर पाणी सोडलेलं, दोन एकसारख्या गाड्या, दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. एकीला चांगले टायर पुढे, दुसरीला मागे. मी पहिलीत बसलो. शिकवणारा स्वतः चालवत होता, पट्टीचा चालक. चाळीसच्या वेगात त्याने वळण घेतलं आणि गाडी मागून निघून सबंध फिरली. तो हसून म्हणाला, "मला माहीत होतं की फिरणार आहे, तरी मी थांबवू शकलो नाही. पुढचं चाक सुटलं तर हाताला कळतं, माणूस वेग कमी करतो. मागचं सुटलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पुढचं चाक गाडी नेतं, मागचं चाक गाडी सांभाळतं." मग त्याने आम्हाला बजावलं की पुढच्या चाकांवरच्या गाडीला मागेपुढे वेगळी मापं देऊ नका. मागे रुंद दिली तर गाडी वळायला मागत नाही, पुढे रुंद दिली तर मागून सुटते. चारही सारखी. आणि दोनच नवी असतील तर ती मागे.

त्या दुपारपर्यंत ती माझी चूक होती. त्यानंतर तिला चूक म्हणता येणार नाही.

शिबिराचं प्रमाणपत्र मी चौकट करून दुकानात लावलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाची नवी जोडी मागे बसवू लागलो. कोणाला कारण सांगितलं नाही. शेषराव दोन दिवस पाहत होता. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "बोलले काय पुंडलिकभाऊले?"

"बोलतो."

"तुमी बोलसान म्हनून मी थांबून राह्यलो शेठ. नाई त मीच जातो."

"बोलतो म्हटलं ना!"

तो गेला नाही. तीस वर्षं मालकाच्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस, तो कसा जाईल? संक्रांतीनंतर त्याने काम सोडलं. आता गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात सेवेला असतो असं ऐकलं. मी त्याला भेटायला गेलेलो नाही.

आणि पुंडलिक. त्याच्याकडे मी दर महिन्याला जायचो, मुक्काम नाही, दुपारपुरता. तो ओट्यावर बाजेवर बसलेला असायचा, शेताकडे तोंड करून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "यानं नवे टायर टाकून देल्ले होते म्हनून वाचलो. जुने असते त मेलोच होतो." मी खाली बघायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

मग तो आवाज उतरवून म्हणायचा, "पोरगी हुशार आहे रे. पन थे तिचं काम नाई. मी तिले बोलत नाई काही. फक्त तिच्या गाडीत बसत नाई."

खरंच बसत नव्हता. तपासणीसाठी अमरावतीला जायचं असलं की कुबडी घेऊन एसटीने जायचा. मनीषा बसस्थानकाबाहेर गाडी घेऊन उभी असायची, कारण डॉक्टरांना विचारायचं तिलाच असायचं. तो उतरून ऑटो करायचा. आणि ती आपली गाडी घेऊन त्या ऑटोच्या मागे मागे दवाखान्यापर्यंत जायची. हे मी एकदा स्वतः पाहिलं. मी त्या ऑटोत पुंडलिकच्या शेजारी बसलो होतो. मागच्या छोट्या खिडकीतून तिची गाडी दिसत होती. चारही टायर तिने बदललेले होते, एका मापाचे. बसस्थानकाबाहेर ती उभी होती तेव्हाच ते मला लांबून ओळखू आलं होतं. त्यातून काय समजायचं ते समजायला मी तयार नव्हतो.

तिचा भाऊ गजानन, त्याची बायको, सासरची माणसं, कोणीच तिच्या गाडीत बसेना. तिने गाडी सोडली नाही. क्लासला जायची, रविवारी गावाला यायची, एकटी. मागच्या सीटवर मुलांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला लागली.

पुंडलिक या उन्हाळ्यात गेला. झोपेतच. तेरवीच्या पंगतीत माझ्या शेजारी त्याच्या भावकीतला एक म्हातारा बसला होता. भाताचा घास कालवता कालवता म्हणाला, "बापाले लंगडं केलं पोरीनं. अन् आता रडून राह्यली." मनीषा चार हात अंतरावर वाढत होती. तिला ऐकू गेलं. तिने त्याच्या पानात वरण वाढलं, मग माझ्या पानात, आणि पुढे गेली. मी तेव्हाही बोललो नाही. ज्याच्यापाशी बोलायचं होतं तो गेला, आता कशाला, असं एक नवं कारण मला मिळालं होतं. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

पण कापूस फुटला. बाभळींना पुंजके दिसायला लागले, आणि एका सकाळी मी अमरावतीची बस धरली.

मनीषा घरी उत्तरपत्रिका तपासत होती. तिने पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच सगळं सांगितलं, पुढचे टायर, मागचे टायर, शेषराव, शिबिर, प्रमाणपत्र. ती लाल पेनचं टोपण लावत-काढत ऐकत राहिली.

"मला माहीत आहे, काकाजी," ती म्हणाली. "मी गणिताची बाई आहे. गाडी का फिरली हे मी शोधून काढणारच होते ना? दोन वर्षं लागली. टायर बदलायला गेले तेव्हा इथल्या दुकानदाराने सांगितलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलले. बाबांनाच सांगितलं. कागदावर चाकं काढून समजावलं." ती थांबली. मग बापाच्याच बोलीत म्हणाली, "बाबा म्हनले, 'असं असतं त त्यानं मले सांगतलं असतं. थो लपवनारा मानूस नाई.'"

माझ्या हातातला ग्लास तिने घेतला आणि खाली ठेवला.

माझा मित्र माझ्यावर इतका विश्वास ठेवून होता. त्या विश्वासापुढे त्याच्या मुलीचा शब्द हलका पडला, आणि शेवटपर्यंत हलकाच राहिला. मी नुसता गप्प बसलो होतो असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. त्या घरात माझ्या गप्प बसण्याची साक्ष काढली गेली होती.

मी म्हटलं, "मले माफ कर, असं म्हनायचं तोंड नाई."

"मग नका म्हणू," ती म्हणाली. "आणि मला सांगून मी काय करू? मी तर जाणतेच. परवा गजूकडे सीतादही आहे. भावकी येईल, वेचणाऱ्या बाया असतील. ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते सगळे असतील. तिथं सांगा."

सीतादही म्हणजे आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी. शेताच्या धुऱ्याशी, बांधावर, दगड मांडतात, शेंदूर लावतात, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दहीभात शिंपडतात, आणि मग पहिलं बोंड वेचतात. त्या वेळी मन साफ असावं म्हणतात. गजाननने पूजा केली. बायांनी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओट्या बांधल्या. मनीषा धुऱ्यावर उभी होती. दहीभाताचं पान माझ्या हातात आलं तेव्हा मी ते खाली ठेवलं आणि उभा राहिलो.

काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही, वर लिहिलंच आहे. ट्रॅक्टरचं उदाहरण सांगितलं, कारण ते त्यांना कळणार होतं. शेवटी म्हटलं, "तिचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो मले तवापासून माहीत होता."

भावकीतला तोच म्हातारा म्हणाला, "काहून सांगून राह्यला आता? ज्याले सांगाचं थो गेला."

वेचणाऱ्यांतली एक बाई ओटीला हात लावून तशीच उभी होती. ती म्हणाली, "अन् आमी सहा वर्सं त्या पोरीले काय काय बोललो वं माय!"

गजानन हातातल्या बोंडातला कापूस ओढून काढत होता, ते रिकामं झालं तरी बोटं चालूच होती.

परतायची वेळ झाली. गावची एसटी निघून गेली होती. गजाननने मला फाट्यावर सोडायला मोटारसायकल काढली. त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं, पण घरी आलेल्या म्हाताऱ्याला चालत पाठवत नाहीत. मनीषा म्हणाली, "राहू दे. मी सोडते."

तिने गाडीचं मागचं दार उघडलं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकेक करून डिकीत ठेवले. सीटवर त्यांच्या कडांचे वळ उमटले होते. ते तिने तळहाताने झटकले.

"मागं बसा, काकाजी. डावीकडं."

बसण्याआधी माझा अंगठा सवयीने मागच्या टायरच्या खाचेत गेला. नख पुरं बुडालं. ती दार धरून उभी होती.

"झालं पाहून?"

"झालं."

ती स्टिअरिंगवर बसली, गाडी सुरू केली. तेवढ्यात गजानन मोटारसायकल तशीच स्टँडवर सोडून आला. पुढचं दार उघडून म्हणाला, "बाई, मलेही फाट्यापर्यंत घे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग गिअर टाकला.

वळण आलं. मी चष्मा काढला नाही. तिने नेहमी घेत असेल तसंच वळण घेतलं, ना फार हळू ना जोरात, आणि मागची चाकं मुकाट्याने पुढच्यांच्या मागे आली. बाभळीची ती साल गेलेली जागा माझ्या दाराच्या अगदी समोरून गेली. वरच्या फांदीला कापूस होता.

फाट्यावर मी उतरलो. गजाननही उतरला. तिची गाडी अमरावतीच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्याकडे बघत राहिला. फाट्यावर त्याचं काही काम नव्हतं. त्याने पायजम्याला चिकटलेला कापूस काढला, मला हात जोडले, आणि ते तीन किलोमीटर परत पायी चालायला लागला.